नमुना सही

इतवारीच्या सहकारी बँकेत
एकोणीस वर्षं माझं काम एवढंच:
चेकवरची सही आणि कार्डावरची सही
शेजारी शेजारी धरायची
आणि ठरवायचं, हा माणूस तोच का.

नजर पक्की होती माझी.
किराणावाल्या ठवकरांचा 'ठ' आजारपणात बसका झाला,
तरी ओळखला.
त्यांच्या मुलाने गिरवलेला 'ठ'
त्याहून सुबक होता. तोही ओळखला.

त्या वर्षी एप्रिलातच पारा पंचेचाळीसला टेकला,
आणि नागपुरात पारा चढला
की दुसरं कारण कुणी शोधत नाही.
ताप? ऊन लागलं.
जिना चढताना मध्येच बसावंसं वाटतं? ऊन लागलं.
नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला लाल चट्टा,
"काहून वं प्रमिला, स्कार्फ नाही बांधत का तू?"
जाऊबाईंनी पर्समध्ये पांढरा कांदा टाकला,
तळपायांना काशाची वाटी घासली.
कांदा सुकत गेला
आणि माझ्या नोटांना वास येऊ लागला.

मग ऊन गेलं.
कूलर माळ्यावर गेला.
ताप राहिला.
सकाळी बोटं अशी उठायची
जणू रात्रभर दुसऱ्या कुणाच्या घरी राबून आली.
न्हाणीच्या जाळीवर केसांचं घरटं.

धंतोलीत दवाखान्याला दवाखाना लागून.
एकाने टायफॉइड काढला,
एकाने ताकदीची इंजेक्शनं दिली,
एक म्हणाला, टेन्शन घेता का,
आणि चौथा, माझ्याकडे न बघता, यांना विचारत होता
की चाळिशी उलटली ना.

ऑक्टोबरात ईश्वरीच्या मेसचे पैसे काढायचे होते.
माझीच बँक, माझाच चेक.
काउंटरवर नवा मुलगा, तन्मय भुते,
मीच शिकवलेला.
त्याने चेक उलटा केला, सुलटा केला,
कान लाल झाले त्याचे.
"मॅडम... सही जुळत नाही."
मी कार्ड ओढून पाहिलं.
'नंदनवार'मधला शेवटचा र
कुठल्या कुठे घसरला होता.
बरोबर होतं त्याचं.
मीही परत केला असता.

रामदासपेठेतल्या डॉक्टर उमरेडकरांनी
फाइल बाजूला ठेवली, आधी हात पाहिले.
एकेक सांधा दाबत, जसं कुणी
मुक्या माणसाशी बोलतं.
"तोंड येतं का? उन्हात चट्टा वाढतो का?"
वाढतो, म्हटलं,
आणि डोळे भरून आले,
कारण सात महिन्यांत प्रश्न पहिल्यांदाच बरोबर होता.

आठ दिवसांनी रिपोर्ट. ल्युपस.
शब्द तोंडात नीट बसेना.
त्या समजावत होत्या:
रक्तात पहारेकरी असतात,
ते आपल्याच घरच्यांना परकं समजायला लागतात...
मी म्हटलं, म्हणजे सही जुळत नाही.
त्यांचं पेन थांबलं.
"बरा होणार नाही," त्या म्हणाल्या, "पण सांभाळता येईल."
लिहून दिलं: गोळ्या, लघवीची तपासणी दर तीन महिन्यांनी,
उन्हात जाणं बंद.

जाऊबाईंनी एवढंच ऐकलं.
"म्हनलं नव्हतं मी? ऊनच!"
मी हसले. खूप दिवसांनी, गाल दुखेपर्यंत.
भांडावं कशाला,
निदान नाव तरी मिळालं होतं,
आणि नाव नसलेल्या दुखण्याला घरात
खोटारडेपणा म्हणतात.
हे मोठ्याने कुणी म्हटलं नाही.
मीच म्हणत होते, रात्री, स्वतःला.

डिसेंबरात फॉर्म भरला: सहीत बदल.
कारणाच्या रकान्यापाशी थांबले,
मग तिथे आजाराचं नाव लिहिलं, पूर्ण,
काटछाट न करता.
तीन चौकटी. तीन सह्या.
तिन्ही थोड्या वेगळ्या.
तन्मय काही बोलला नाही,
शिक्का मारला,
आणि जुनं कार्ड फाडायला घेतलं.

राहू दे, म्हटलं.
नव्याच्या मागे टाचून ठेव.