फुगवट्यावर, बुधवारी

समुद्र दाखवतो म्हणालो होतो
आणि आणलं तिला इथे,
जायकवाडीच्या फुगवट्याच्या या बेचक्यात,
जिथं पाणी वाट चुकल्यासारखं
दोन बाभूळबनांमध्ये शिरलंय
आणि मग बसूनच राहिलंय.

पैठणहून एसटी, फाट्यापासून
खताच्या गोण्यांचा टेम्पो,
शेवटचं हरभऱ्याच्या बांधावरून चालत.
वनखात्याच्या पाटीवर गंजातून वाचलेलं एवढंच:
करू नये.
काय ते आपण समजून घ्यायचं.

सावनीनं बूट काढले, गुडघाभर गेली,
ओंजळभर पाणी तोंडात धरून उभी राहिली.
गिळलं.
'बाबा, मीठ टाकायचं विसरले.'

'जरा हळू,' मागून कुणीतरी म्हणालं,
'पलीकडं झोपायलेत.'
खाकी शर्ट, खाली लुंगी,
गळ्यात एका डोळ्याची दुर्बीण:
चांदपाशा, राखणदार.
वाळूच्या जिभेवर राखाडी धोंडे होते.
त्यातल्या एकानं मान वर केली,
डोक्यावर दोन काळे पट्टे.

हिमालयावरून आलेत म्हणे, पट्टकदंब.
रात्रभर हरभरा खातात
(आम्ही आलो त्याच बांधावरचा असणार)
आणि दिवसा इथं डुलक्या.
शेतकरी ओरडत नाही का?
'वरडतो की. पर फुगवट्याच्या पल्याड जाऊन.'

बावीस वर्षं इथं हळू बोलून
त्याचा आवाजच तेवढा उरलाय.
घरी बायको म्हणते, बटन फिरवा जरा.
पोराच्या लग्नात काझींनी
तीनदा विचारलं, काय म्हणालात?

आम्ही तिघं मग बसलो.
काही केलं नाही.
मोबाइलला रेंज नव्हती, ते मी चारदा बघितलं.
पाणी काठाला लागायचं,
लाट म्हणावी एवढं नाही;
झोपेत कुणी कूस बदलावी, तेवढं.
एक सुरय सरळ सुईसारखा खाली आला
आणि रिकामाच वर गेला.
पुन्हा आला.
सावनी त्याच्याकडून मोजत होती,
अकराव्याला मासा मिळाला
तेव्हा तिनं टाळी वाजवली,
एका हाताची, मांडीवर, आवाज न करता.

उठताना मुठीत शिंपला होता.
चांदपाशा काही बोलला नाही,
नुसता तिच्या मुठीकडं बघत राहिला.
तिनं तो परत ठेवला, पालथा,
मग थांबून उताणा केला.

'कुणाला सांगू नका,' तो म्हणाला,
'नाहीतर लोक भजे घेऊन येतेत.'

परतीच्या एसटीत
बुटांतून ओली रेती सांडत होती फळीवर.
सावनीनं तिकीट मागितलं
इतक्या हळू की कंडक्टर कंबरेतून वाकला.
'कुठून आलाव गं?'
ती माझ्याकडं बघत राहिली.
मी खिडकीबाहेर.
गाडी तशीच खडखडत होती, कुणीतरी मागे
लसणाची चटणी उघडली होती.

'समुद्रावरून,' ती म्हणाली.

त्यानं चिमटा दोनदा वाजवला,
आणि फाट्यापासूनचं हाफ तिकीट
तिच्या हातात ठेवलं.