जाड तारा

रविवारी सातपूरच्या शेडचं शटर
गुडघ्याएवढंच उघडं ठेवतात निवृत्तीभाऊ.
वाकून आत जायचं. आधी बेस सरकवायचा, मग आपण,
रिक्षात लेकराला आधी बसवावं तसं.

आम्ही पाच जण.
अख्ख्या नाशकात पाचच असू असं नाही,
पण बाकीचे लीडकडे वळले,
नाहीतर पुण्याला गेले.
ढोलाच्या गावात राहून
आम्ही ऐकू न येणारं वाजवतो.

मुबीन तांबोळी भद्रकालीत अँप दुरुस्त करतो.
त्याच्या मते जगातली निम्मी भांडणं
कच्च्या सोल्डरिंगमुळे होतात.
कस्तुरी धात्रकचा बेस पाच तारांचा,
आणि निवृत्तीभाऊ दर रविवारी विचारतात,
"पाचवी कशाला गं, पाणी शेंदायला?"
"हो ना. तुमची दोरी पोचत नाही पाण्यापर्यंत."

मग वाद. तार गुळगुळीत हवी की खरखरीत.
बोटं की प्लेक.
प्लेकनं बेस वाजवणारा माणूस, निवृत्तीभाऊ म्हणतात,
काट्याचमच्यानं भाकरी खात असणार.
मी यावर काही बोलत नाही.
माझ्या खिशात प्लेक असतो.

जुन्या तारा टाकायच्या नसतात, हे मुबीननं शिकवलं.
पातेल्यात दहा मिनिटं उकळायच्या,
घामाचा मळ सुटतो, आवाज परत येतो.
मी घरी उकळल्या.
तेव्हापासून बायको चहा गाळताना
कपाकडे बघत विचारते, आज कुठला सूर?

सालोमन साळवे शरणपूरचे, सगळ्यांत वडील.
तरुणपणी देवळाली कॅम्पात नाचाच्या बँडमध्ये होते,
पुढं तीस वर्षं पॉवर प्रेसवर.
कान तिथंच जमा करून आले.
आता स्टुलावर बसून बशीतला चहा फुंकतात
आणि आमची तोंडं हलताना बघतात.
विषय त्यांना ठाऊक असतो,
चाळीस वर्षं तोच आहे.

मागच्या रविवारी लाइट गेली.
अँपचा लाल ठिपका विझला,
पंखा दोन चार गिरक्या घेऊन थांबला.
विजेशिवाय बेस म्हणजे
भिंतीपलीकडे कुणी कूस बदलावी, तेवढाच.

कस्तुरीनं सहज आपल्या बेसचं डोकं
लोखंडी कपाटाला टेकवलं आणि तार ओढली.
कपाट बोललं.
आतले पाने, ड्रिलबिटं, जुन्या चलनांच्या फायली,
सगळ्यांचा मिळून एक घसा.

मग आम्ही शेडभर हिंडलो खुळ्यासारखे,
टेकवून बघत.
शिअरिंग मशीन मुकं निघालं.
ऑइलचा रिकामा पिंप नुसत्या बढाया मारत होता.
उभी केलेली दीड एमएमची शीट
बरी वाजली, पण तिला थांबताच येईना.
फिरून पुन्हा कपाटाशीच.

आता माझी पाळी होती.
सालोमन उठले, आले,
आणि कपाटाला त्यांनी कान नाही, जबडा लावला.
पांढरे खुंट पत्र्यावर खरखरले.
डोळे मिटले.

मी साधंच वाजवत होतो, येऊन जाऊन चार सूर,
लग्नातही कुणी लक्ष देणार नाही असे.
हात का घामेजला होता माहीत नाही.
बाहेरून एक टेम्पो गेला, त्यांनी भुवई आखडली.
म्हणजे तोही आला असावा हाडातून.

बऱ्याच वेळानं, जबडा तसाच ठेवून,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाले,
"तुझी जाड तार उतरलीये."

उतरली होती. केसभर.
कस्तुरीनं ट्यूनर चिकटवून बघितला
आणि माझ्याकडे न बघता खिशात टाकला.
मुबीन म्हणाला, जास्त उकळलीस.
निवृत्तीभाऊ म्हणाले, "प्लेकनं वाजवतो ना, उतरणारच."
म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी खुंटी पिळली.
"अजून," सालोमन म्हणाले.
मी पिळली.
"अजून थोडी."