वाफ की धूर

तत्त्वज्ञान विभागात आम्ही सहा जण.
त्यातले दोघे हॉस्टेलच्या खोलीपुरते,
मागच्या बाकावर चालू घडामोडी पाठ करतात.
एक बँकेतून निवृत्त झालेले ढमढेरे काका,
सगळ्यांच्या आधी येऊन ट्यूब लावणारे.
सिस्टर फिलोमिना, वडगाव शेरीहून स्कूटीवर.
एक मुलगा, जो वर्षभरात बोललेला नाही.
आणि मी.

तांबोळी मॅडम फळ्यावर डोंगर काढतात,
डोंगरावर धूर.
शेकडो वर्षं हाच डोंगर, म्हणतात, हाच धूर.
धूर दिसतो म्हणून आत अग्नी आहे,
जसा स्वयंपाकघरात.
कामठे, तुझ्या ओळखीचा एखादा डोंगर सांग.

माझ्या ओळखीचा डोंगर ट्रकमधून आला.
हडपसरच्या पुढे, आमच्या विहिरीपासून चारशे पावलांवर,
पुण्याने खाल्लेलं, सोललेलं, पुसलेलं
येत राहिलं माझ्या जन्माआधीपासून.
मी म्हणाले, वेताळ टेकडी.

अण्णांचा प्रश्न जुना: ह्याचं पुढे काय होतं?
आयटीआयवाल्याला गिअरबॉक्स उघडता येतो,
तुला काय उघडता येतं?
पाहुण्यांना सांगताना ते ‘एम. ए.’ म्हणतात
आणि विषय गिळतात.

डिसेंबरात साहेब आले, नाकाला रुमाल.
लोक म्हणाले, आत पेटलंय, रात्रभर पोरं खोकतात.
साहेब म्हणाले, धूर नाही तो. वाफ आहे.
थंडीत ओला कचरा वाफ सोडतो, शास्त्र आहे.
सगळे गप्प.
शास्त्र म्हटलं की आमच्याकडे सगळे गप्प होतात,
मग ते कुठलंही असो.

मला मंगळवारचा तास आठवला:
वाफेला धूर समजून बसलेला माणूस,
पुढचं सगळं बरोबर, पहिली पायरीच चुकलेली.
आणि खरं सांगते, क्षणभर वाटलं
साहेब बरोबर असतील.
आपलीच माणसं चुकत असतील, असं वाटू देणं
मी त्या ट्यूबखाली शिकले,
आणि ते घरी सांगता येत नाही.

म्हणून चढले.
डायपर, शहाळी, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या,
काच फुटलेले देव
(शहर त्यांना टाकत नाही, विसर्जन म्हणतं).
अर्ध्यावर उजवी चप्पल मऊ लागली,
मग चिकटली.
उपटून खाली आणली, साहेबांपुढे ठेवली.
पाच वाक्यांत मांडायचं असतं,
मला पहिलंच आठवेना.
साहेब म्हणाले, अहवालात घेतो.

रात्री अण्णांनी चप्पल उलटी करून
कांदा बघतात तशी बघितली.
आणि वाफ निघाली असती तर?
तर तेच सांगितलं असतं.
साहेबांच्या बाजूने?
वाफेच्या.
बराच वेळ ते तळव्याचं जळकं प्लास्टिक खरवडत बसले.
मग म्हणाले,
गावात राहू दिलं नसतं तुला.

सकाळी आईच्या चपला घालून
सातची बस धरली.
काका यायचे होते, ट्यूब मी लावली.
दोनदा फडफडली, मग लागली.
फळ्यावर मागच्या तासाचा डोंगर तसाच,
कुणीतरी पायथा पुसलेला.
खडूचा तुकडा सापडला.
खाली गावाचं नाव लिहिलं.