पन्नासावर

मक्की अल-सफ्फार आला तेव्हा त्याच्या काखेत
टॉवेलात गुंडाळलेला कॉम्प्युटर होता,
नुकतं न्हाऊ घातलेलं पोर असावं तसा.
गुदैबियाच्या गल्लीत दुपारी तीनला कुणी येत नाही.
मांजरं एसीच्या ठिबकत्या पाण्याखाली पडलेली.

सफ्फार म्हणजे तांबट. माझं आडनावही तांबट.
हे एकमेकांना कळायला सहा वर्षं गेली,
आणि कळलं तेव्हा त्याने फक्त
माझ्या हातातल्या तारेच्या वेटोळ्याकडे पाहिलं.

यंत्र अवालीचं. तेलकंपनीच्या वसाहतीत
साहेबांबरोबर त्यांची वीजही आली होती:
एकशेदहा व्होल्ट, सेकंदाला साठ ठोके.
कुंपणाबाहेर आमची दोनशेतीस, पन्नास.
कुणीतरी घर आवरून टेक्सासला गेलं,
मागे राहिलं हे, आणि टेबलावरचं एक घड्याळ.
मक्कीने दोन्ही उचललं. घड्याळ मला दिलं, असंच.

थेट लावू नको, मी म्हटलं.
थेट लावल्यावर काय होतं ते मी नाकाने ओळखतो.

पाट्याएवढा जड ट्रान्सफॉर्मर, मीच गुंडाळलेला,
टेबलाखाली घुमत बसला.
पहिल्या टीव्हीवर चित्र वर वर सरकत राहिलं,
रंग नाही, थांबा नाही.
दुसऱ्यावर नुसता पाऊस.
तिसरा आतल्या खोलीतून काढला, मल्टिसिस्टिम.
एके काळी इथे असेच विकायचे,
मनिलाला न्या, कराचीला न्या, कैरोला न्या, चालेल.
हा कुणी कुठेच नेला नाही.

चित्र थांबलं.
निळं आभाळ, चौकोनी ढग, उडी मारणारा माणूस,
आणि ती धून.
मक्कीने डोळे मिटले. मी पैशांचा आकडा ठरवत होतो.
त्याने डोळे उघडले.
"मू हाधा."
हे नाही.

तोच खेळ, तीच कॅसेट, तिच्यावर त्याच्या बापाचं अक्षर.
"फार घाई करतंय," तो म्हणाला.

मग उलगडलं. लहानपणी मुहर्रकला
त्याच्याकडे इंग्लंडच्या बनावटीचं यंत्र होतं, पन्नासाचं.
खेळ साठासाठी लिहिलेला.
चार वर्षं रोज संध्याकाळी
ती धून एक षष्ठांश सावकाश वाजली,
सूरही केसभर उतरलेला,
आणि कुणीच त्याला सांगितलं नाही की ही चूक आहे.

मी म्हटलं, मक्की, बरोबर हीच आहे.
तो म्हणाला, असेल.

दुसऱ्या दिवशी तो ते जुनं घेऊन आला, मुकं झालेलं,
की-बोर्डच्या फटींत मुहर्रकची रेती.
मी धडधाकट अमेरिकन उघडलं,
त्याच्यातली आवाजाची चिप हलकेच उपसून
मेलेल्यात बसवली.
असं करू नये. कुठल्याही कारागिराला विचारा.

धून निघाली, पाय ओढत.
मक्की बोटाने काउंटरवर ठेका धरून बसला,
एकदाही चुकला नाही.
पैसे द्यायला विसरला. मीही आठवण केली नाही.

आता घड्याळाचं.
ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, ठोके बदलत नाही,
म्हणून ते इथे दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं.
दुरुस्त करता येईल. केलेलं नाही.
सकाळी सहाला दुकान उघडतो
आणि त्यात साडेआठ लावतो:
चिपळूणला लेक बँकेत जायला निघालेली असते,
स्कूटरची किल्ली शोधत.
दिवसभर ते तिथून इकडे सरकत येतं.
रात्री नऊला शटर निम्मं खाली ओढून मी थांबतो.
भिंतीवर नऊ. टेबलावर नऊ.

एवढंच. मग ते पुन्हा मागे पडू लागतं,
आणि मी वायर काढतो.