चारशे वीस फूट

गावाचं नाव लिहीत नाही.
सिन्नरच्या पुढं, एवढं पुरे. पाण्याची बातमी फुटली
की सोयरिकी मोडतात.

बाटलीच्या तोंडाशी धरलेली पांढरी पट्टी
आधी हळदीची झाली,
मग जुन्या वहीच्या पानासारखी.
नाशिकला, प्रयोगशाळेत, पुन्हा करून पाहिलं.
आणि पुन्हा. पंखा बंद करून.
लिटरमागे अठ्ठावीस मायक्रोग्रॅम. चालतात दहा.

पारावर वाचून दाखवलं तेव्हा पहिला प्रश्न :
कोणी कालवलं?
एकानं कारखान्याचं नाव घेतलं,
एकानं चुलत्याचं.
आणि रंभाजी सांगळे, पाणाड्या,
ज्याच्या तळहातावर नारळ इथंच उभा राहिला होता,
मुकाट्यानं चपला शोधू लागला.

थांबा बाबा, म्हटलं. कोणी नाही कालवलं.
बोअर मारताना लाल चिखल आला होता ना?
बायका हसल्या : दोन दिवस नुसता गेरू,
धुण्याला अजून डाग आहेत.

तोच तो.
एक लाव्हा निवला, दुसरा यायचा होता,
त्या मधल्या उघडिपीत
ऊनपावसानं भुगा झालेला दगड. त्याचा गंज.
त्या गंजानं सोमल धरून ठेवला
कनवटीच्या पैशासारखा.
मग वरून दुसरा काळा थर बसला, तिसरा बसला.
पाणी फार उशिरा पोचलं. त्याला घाई नव्हती.
दगडात मुक्काम करकरून
ते खारानं बुळबुळीत झालं
आणि अशा पाण्यापुढं
गंजाची मूठ सैल पडते.
हे आधीपासून चालूच होतं, अंधारात,
फक्त तिथवर पाइप गेला नव्हता.

"पण गोड लागतंय की," ठकूबाई म्हणाली.
सोमलाला चव नसते, मी म्हटलं.
ती माझ्याकडं बघत राहिली,
जणू मीच काहीतरी लपवतेय.

हातपंपाला लाल रंग लावायचा नियम.
डबा सिन्नरहून उद्या येणार होता.
बोअरपाशी तो चिखल अजून वाळून पडलेला.
रंभाजीनं ढेकूळ उचललं, पत्र्याच्या डब्यात फोडलं,
त्याच पंपाचं पाणी घेतलं
आणि सगळ्यांदेखत
बोटांनी कालवू लागला.

दांड्यापासून खालपर्यंत लावलं.
मागं सरून पाहिलं.
वाळल्यावर फिकं पडेल, म्हणाला,
अजून एक हात लागेल.