बाहुलीएवढी रहाड

मागच्या रंगपंचमीला खांद्यावर बसवून
नेलं होतं तिला जुन्या नाशकात.
रहाड उघडली होती. वाफाळतं पिवळं पाणी,
काठावरून एकेक जण धप्पा मारतोय
आणि उसळलेल्या पाण्यात अख्खा चौक चिंब.
रेवतीनं माझे केस दोन्ही मुठींत धरले
आणि अशी काही रडली, की एका अनोळखी बाईंनी
पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढून दिली.

यंदा तीच म्हणाली, आपण आपली करू.
माझ्याएवढी.
मग थोडं थांबून : नको. बाहुलीएवढी.

रविवारी स्कूटर काढली, त्र्यंबक रस्त्याला लागलो.
पळसाला पानं तीनच, मी सांगितलं तिला शहाण्यासारखं.
ती झाडाखाली मान वर करून उभी राहिली,
बराच वेळ.
बाबा, एकपण नाहीये.

खरंच नव्हतं.
चाळीस वर्षं म्हणत आलो,
फाल्गुनात कधी मोजलं नव्हतं.

झाडावरची तोडायची नाहीत, पडलेलीच घ्यायची,
हा नियम तिचा. मुंग्या झटकायच्या, हे काम माझं.
पिशवी घरी राहिलेली, म्हणून हेल्मेटभर फुलं
आणि परतताना सातपूरच्या गल्लीबोळांतून
हवालदार चुकवत, उघड्या डोक्याने मी,
मागे ती, दोन्ही हातांत हेल्मेट,
देवाचं ताट धरावं तसं.

दुधाचं पातेलं घ्यायचं नव्हतं,
हे फुलं उकळल्यावर कळलं.
सुजाता रात्रपाळी करून आली,
चप्पल काढता काढता तिला वास आला.
पातेल्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं,
म्हणाली, चहा कशात करू?
आणि उत्तर न ऐकता झोपायला गेली.

रहाड म्हणजे श्रीखंडाचा डबा, अर्धा किलोचा,
गॅलरीतल्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरलेला.
कुंडीतली तुळस दोन महिन्यांपूर्वीच गेली होती.
वर फळ्या : आइस्क्रीमच्या काड्या,
चौदा. त्यातल्या नऊ माझ्या नावावर,
ते आईला सांगायचं नाही असं ठरलंय.
काठावर द्राक्षांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
पायऱ्या केल्या. कात्री बोथट, पायऱ्या वाकड्या,
पण बाहुली काही बोलली नाही.

पंचमीला सकाळी फळ्या उचलल्या.
पूजा हवीच, म्हणून एक फूल, एक साखरदाणा.
मुंगी आली, तिला प्रसाद मिळाला.
तनिष त्याचा प्लॅस्टिकचा गेंडा घेऊन आला.
खालून बोरसे मामा आले पाण्याच्या टाकीचं सांगायला,
त्यांना रांगेत उभं केलं.
त्यांनी करंगळी बुडवली,
कपाळाला लावली, कानाच्या पाळीलाही,
आणि टाकीचं न सांगताच निघून गेले.

बाहुलीनं सात धप्पे मारले.
गेंडा बुडेना. तो आडवाच तरंगत राहिला,
यावर दोघं हसून हसून
फरशीवर लोळली.

मग शेवटी, मी नको म्हणत असताना,
रेवतीनं डोळे घट्ट मिटले,
एका हातानं माझा अंगठा धरला
आणि दुसरा हात मनगटापर्यंत आत घातला.

कोमट आहे, म्हणाली.
भीती कोमट असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी डबा ओतायला निघालो
तर कुंडीपुढे हात पसरून उभी.
ओतायचं नसतं. झाकायचं असतं.
पुढच्या वर्षी लागेल.
मी म्हणालो, वास येईल, डास होतील.
म्हणाली, गावातल्या रहाडीत होतात का?

मला माहीत नव्हतं.

चौदा काड्या लावल्या. वर माती लोटली,
तिनं थापली, मी थापली.
रात्री ती झोपल्यावर गुपचूप उघडणार होतो,
नळाखाली धुऊन टाकणार होतो डबा.
गॅलरीत गेलो, उकिडवा बसलो.
मातीवर पाच बोटांचा ठसा,
पिवळा, अजून ओला.

हात लावला नाही.

डासांचं बघू.
पातेलं घासतोय, तिसऱ्यांदा.