चौथं

कोपरखैरण्याला, सेक्टर अकरात,
माझ्या दीड खोलीच्या पाळणाघरात
आज सव्वातीनला
शर्विल कपाटाचा कोपरा सोडून
फ्रिजकडे निघाला.
चार पावलं. पाचव्याला धप्पकन बसला
आणि रागाने बघितलं ते माझ्याकडेच.

दोन महिने मी बोट देत होते,
मग बोटाऐवजी ओढणीचं टोक,
मग टोकाचं दुसरं टोक
नुसतंच, माझ्या हातात नसलेलं.

सातला त्याची आई आली महाप्याहून,
चप्पल न काढता, दारातूनच:
"काही केलं का आज?"
"खिचडी सांडली," म्हटलं. "झोपला."

साडेनऊला तिचा फोन.
आधी नुसताच श्वास, मग
"काकू, तीन पावलं!
सोफ्यापासून माझ्यापर्यंत!"

"अगं बाई! खरंच?"

चौथ्याचं मी काही बोलले नाही.